कॉलेजच्या होस्टेलमध्ये खोली हवी असेल तर सुरुवात ऑप्शन फॉर्मपासून

कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत कॉलेज मिळतं, ब्रांच मिळते. खोली मिळत नाही. अलॉटमेंटच्या पत्रावर प्रवर्ग, सीटचा प्रकार असं सगळं छापलेलं असतं, पण हे पोर उद्यापासून राहणार कुठे याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. होस्टेलचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, फी वेगळी आणि शेवटची तारीखही वेगळी. कॉलेज मिळालं म्हणजे होस्टेल मिळालंच, असं धरून चालणारी घरं दरवर्षी भेटतात. त्यांना खरी परिस्थिती कळते तेव्हा अर्जाची मुदत बहुतेक संपलेली असते.

तालुक्याच्या गावी बारावीला शिकवताना याचा परिणाम जवळून दिसतो. मुलगा असेल तर ‘होईल कुठंतरी सोय’ म्हणून त्याला गाडीत बसवून देतात. मुलगी असेल आणि होस्टेलच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, तर कित्येक घरांत तिचा प्रवेशच रद्द होतो. चांगल्या पर्सेंटाइलची मुलगी केवळ एका कॉटअभावी घराजवळच्या, तिला नको असलेल्या कोर्सला जाते. मला हे फार लागतं, कारण यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी घरात एक जण हवा: दादा, ताई, मामा, शिक्षक, कुणीही. निकाल लागायच्या आधीपासून होस्टेलचा पाठपुरावा त्याने आपल्या अंगावर घ्यायचा. हा लेख त्या माणसासाठी आहे. उदाहरण इंजिनिअरिंगचं घेतलं आहे, पण फार्मसी, बीएस्सी अॅग्री किंवा शहरातल्या आर्ट्स-कॉमर्सच्या कॉलेजलाही क्रम जवळजवळ हाच लागतो.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

ऑप्शन फॉर्मवर आपण कॉलेजांचा पसंतीक्रम लावतो तो कॉलेजचं नाव, ब्रांच आणि मागच्या वर्षीचा कटऑफ बघून. त्यात आणखी एक रकाना स्वतःच्या वहीत वाढवा: होस्टेल. प्रत्येक कॉलेजपुढे पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची.

पहिल्या वर्षाला मुलांसाठी किती आणि मुलींसाठी किती जागा आहेत? एकूण क्षमता सांगतात ती चारही वर्षांची असते. आपल्याला फक्त पहिल्या वर्षाचा आकडा हवा. यादी कशावर लावतात? बहुतेक सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत सीईटीचे गुण आणि प्रवर्ग धरतात, काही ठिकाणी घर किती लांब आहे हेही बघतात. शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांना बहुधा अर्जच करता येत नाही, मग हद्दीच्या जरा बाहेर असलेल्या आपल्या गावाचं काय? इमारत कॅम्पसमध्येच आहे की दोन-चार किलोमीटरवर? मेस सक्तीची आहे का? सगळ्या जागा पहिल्या फेरीनंतरच भरतात, की पुढच्या फेऱ्यांतून येणाऱ्यांसाठी काही राखून ठेवतात? हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. तिसऱ्या फेरीत कॉलेज मिळालेल्यांचं सगळं भवितव्य मात्र त्यावरच असतं.

उत्तरं मिळवायची कुठून? आधी कॉलेजची वेबसाइट आणि माहितीपुस्तिका, मग होस्टेलच्या ऑफिसला फोन. फोन सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान करा आणि प्राचार्यांच्या ऑफिसऐवजी थेट रेक्टर (होस्टेलचे प्रमुख) किंवा होस्टेलचा क्लार्क मागा. सगळ्यात भरवशाची माहिती मात्र त्या कॉलेजात सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, आपल्याच तालुक्यातल्या मुला-मुलीकडून मिळते. मागच्या वर्षी शेवटचं नाव कितीला लागलं, पाणी किती वाजता जातं, मेस कशी आहे, रेक्टर मुलांचं ऐकून घेतात का, हे कुठल्याच पुस्तिकेत सापडत नाही. बारावीच्या शिक्षकांकडे अशा मुलांचे नंबर असतात. त्यांना विचारा.

गावाप्रमाणे होस्टेलचं वजन बदलतं, हेही लक्षात घ्या. पुण्यात कॉलेजचं होस्टेल हुकलं तरी पर्याय निघतो, फक्त खर्च कितीतरी पटींनी वाढतो. माणगाव तालुक्यातल्या लोणेरेसारख्या ठिकाणी, जिथे १९८९ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आजूबाजूला मोठं शहरच नाही. तिथे कॅम्पसमधली खोली हाच मुख्य आधार. मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजला प्रवेश मिळाला आणि होस्टेल हुकलं, तर आसपासचं भाडं साध्या घराला झेपणारं नसतं. आयआयटीसारख्या निवासी संस्थांमध्ये हा प्रश्नच येत नाही, पहिल्या वर्षाला खोली मिळतेच. म्हणून दोन कॉलेजांत उन्नीस-बीसचाच फरक असेल आणि एकीकडे होस्टेलची खात्री असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: खात्रीचं कॉलेज वर ठेवा. रोज दीड तास बसमध्ये घालवून पहिल्या वर्षाची गणितं सुटत नाहीत.

मुलींच्या पालकांसाठी एक खुलासा. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. होस्टेल आणि मेसचा खर्च त्यात येत नाही. तो धरूनच वर्षाचा हिशेब मांडा.

कागद: जो सर्वात उशिरा मिळतो तो सर्वात आधी

होस्टेलचा अर्ज उघडतो आणि चार-आठ दिवसांत बंद होतो. तेवढ्यात नवा दाखला काढता येत नाही. त्यामुळे फाईल जूनपर्यंत तयार हवी.

जात वैधता प्रमाणपत्राला सर्वात जास्त वेळ लागतो. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज अकरावी-बारावीतच, कॉलेजमार्फत गेलेला असावा. नसेल गेला तर आजच करा आणि पोचपावती जपून ठेवा. त्यानंतर नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला. दोन्हींवरची ‘३१ मार्चपर्यंत वैध’ ही ओळ नीट वाचा. मागच्या वर्षीचा दाखला फाईलमध्ये दिसतो म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि खिडकीवर तो परत येतो. अधिवास प्रमाणपत्र एकदाच काढावं लागतं. हे सगळं आपले सरकार पोर्टलवरून किंवा गावच्या सेतू केंद्रातून होतं. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क सरकारने २०२५ मध्ये माफ केलं, त्यामुळे केंद्रावर कुणी स्टॅम्प पेपर मागितला तर आधी तहसील कार्यालयात विचारा.

लवकर होणारे कागद: दहावी-बारावीची गुणपत्रकं, सीईटीचं स्कोअरकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो आणि सरकारी दवाखान्यातून आणलेलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. दमा, फिट्स, एखाद्या औषधाची अॅलर्जी असं काही असेल तर ते लपवू नका. रात्री दोनला पोराला त्रास झाला, तर रेक्टरला ते आधीपासून माहीत असणं जीव वाचवणारं ठरतं.

एक गोष्ट आत्ताच तपासा: नाव. गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नावच नाही, पासबुकावर स्पेलिंग वेगळं. कॉलेजचा क्लार्क एखाद वेळ चालवून घेतो. शिष्यवृत्तीचं पोर्टल चालवून घेत नाही, आणि होस्टेलच्या भत्त्याचे पैसे त्याच पोर्टलवरून येतात.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनी द्यायचं असतं, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांप्रमाणे होस्टेलसाठी ते वेगळं द्यावं लागतं. ते ऑनलाइन भरता येतं. मेलवर येणारा संदर्भ क्रमांक प्रिंट काढून फाईलला लावा. विद्यार्थी अजून अठराचा नसेल तर जवळजवळ प्रत्येक कागदावर पालकांची सही लागते, म्हणून खोलीचा ताबा घ्यायच्या दिवशी आई किंवा वडील सोबत हवेतच.

स्थानिक पालक हा रकाना बहुतेक जण खिडकीसमोर उभं राहून भरतात, सुचेल ते नाव टाकून. होस्टेलला मात्र हा माणूस खरोखर लागतो: मूल आजारी पडलं, रात्री परवानगी घ्यायची वेळ आली, घरच्यांचा फोन लागेना, तर रेक्टर त्यालाच बोलावतात. श्रीमंत काकांपेक्षा फोन उचलणारी आणि तासाभरात पोचणारी आत्या किंवा गावातून शहरात स्थायिक झालेला शेजारी बरा. त्यांना आधी विचारा, त्यांचं आधार आणि फोटो घ्या, आणि मुलाला एकदा त्यांच्या घरी जेवायला घेऊन जा. शहरात कुणीच नसेल तर ते खरं सांगा. कॉलेजं यातून मार्ग काढतात, खोट्या नावातून नंतर अडचणी येतात.

सगळ्या कागदांचे स्कॅन दोनशे केबीच्या आत बसणारे करून ठेवा, मूळ प्रतींचा एक संच आणि झेरॉक्सचे तीन संच. मूळ जातीचा दाखला कुठल्याही ऑफिसात ठेवायला देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

प्रवेश पक्का झाला त्या दिवशी

कॉलेजची फी भरून पावती हातात आली की घरी परतू नका. त्याच दिवशी होस्टेलच्या ऑफिसात जा. अर्ज कधी उघडणार, कुठल्या नोटीस बोर्डावर किंवा वेबसाइटवर यादी लागणार, खोली कधीपासून मिळणार, हे विचारून लिहून घ्या. अर्ज सुरू झाला असेल तर तिथेच भरा आणि पोच घ्या.

बोलायचं मात्र विद्यार्थ्याने. आपण मागे उभं राहायचं. उद्यापासून या ऑफिसाशी त्याचाच संबंध येणार आहे, आणि क्लार्कलाही वडिलांपेक्षा मुलाचा चेहरा लक्षात राहिलेला बरा. पहिल्यांदा अडखळेल, चालेल.

कॉलेज मिळालं आहे पण बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी वरच्या पसंतीच्या आशेने, पुढच्या फेरीत जायचं ठरवलं असेल, तर होस्टेलची पूर्ण फी भरण्याआधी परताव्याचा नियम लेखी बघा. कॉलेज बदललं तर होस्टेलची फी आणि अनामत परत मिळते का, किती कापून, किती दिवसांत? अनामत सहसा मिळते. भरलेली मेस अॅडव्हान्स अडकते. उलट, हेच कॉलेज ठेवायचं नक्की असेल तर ती जागा फ्रीझ (कायम) करायला उशीर करू नका, कारण काही ठिकाणी बेटरमेंटमध्ये असलेल्यांची नावं होस्टेलच्या यादीत नंतर घेतात.

पैसे फक्त संस्थेच्या अधिकृत खात्यावर किंवा पोर्टलवर भरायचे. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या गेटवर ‘होस्टेलची सीट करून देतो’ म्हणणारी माणसं भेटतात. एक रुपयाही देऊ नका.

नाव वेटिंगवर आलं तर निराश होऊन सामान दुसरीकडे हलवू नका. पुढच्या फेऱ्यांत मुलं कॉलेज बदलतात, काहींना शासकीय वसतिगृह मिळतं, काही दोन आठवड्यांत घरच्या ओढीने परत जातात. सप्टेंबरअखेरपर्यंत यादी हलत राहते. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याने स्वतः जाऊन चौकशी करायची, आणि घरची अडचण खरीच असेल (वडील नाहीत, दिव्यांगत्व आहे, गाव दुर्गम आहे) तर तसा एक पानी अर्ज पुराव्यासह रेक्टरच्या नावे द्यायचा. असा विनंती अर्ज वाचला जातो. नेत्याच्या चिठ्ठीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, असं मी पाहिलं आहे.

नाव लागलंच नाही तर

कॉलेजच्या होस्टेलचा अर्ज करतानाच समांतर आणखी दोन अर्ज चालू हवेत.

पहिला सरकारी. सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहं जिल्ह्याच्या आणि अनेक तालुक्यांच्या ठिकाणी आहेत. राहणं-जेवण मोफत असतं आणि शैक्षणिक साहित्यासाठीही मदत मिळते. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं वेगळी. इमारत कॉलेजपासून लांब असू शकते, तेवढं बघून घ्या. तिथेही जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि कॉलेज स्वतःच्या गावाबाहेर असेल, तर मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, लहान शहरांत त्याहून कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळतो. चालू वर्षाच्या अटी आणि तारखा समाजकल्याण कार्यालयात किंवा पोर्टलवर बघून घ्या. हे पैसे हप्त्यांनी येतात आणि उशिरा येतात, म्हणून सुरुवातीच्या काही महिन्यांची तरतूद घरून लागतेच.

दुसरा अर्ज संस्थांच्या वसतिगृहांचा. महाराष्ट्राला याची मोठी परंपरा आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केलं, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी कितीतरी बोर्डिंगं उभी राहिली, आणि खेड्यातल्या पोरांना शहरात पाठ टेकायला जागा मिळाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात हेच काम केलं. कोल्हापुरात त्यातली काही बोर्डिंगं अजून मुलं ठेवतात. पुण्यात १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या, परिस्थितीने अडलेल्या मुला-मुलींना माफक खर्चात ठेवते. तिथे मुलाखत होते आणि वसतिगृहाची कामं मुलांनी करायची असतात. अशा ठिकाणी राहिलेली मुलं अभ्यासाइतकीच माणसांत राहायलाही शिकतात, म्हणून मी तर काहींना कॉलेजच्या होस्टेलआधी इथे अर्ज करायला सांगतो.

आणि शेवटी कॉट बेसिस. कॉलेजजवळ फ्लॅटमध्ये एका कॉटचं भाडं द्यायचं. करारात मुलाचं नाव आहे का, डिपॉझिट कधी परत मिळणार, वीजबिल कसं वाटतात, हे बघा. खासगी होस्टेल बिलात जीएसटी लावत असेल तर विचारा: महिना २० हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासावर जीएसटी काउन्सिलने २०२४ मध्ये सूट दिली आहे.

पॅरासाइट म्हणून मात्र राहू देऊ नका. होस्टेलमध्ये नाव नसताना मित्राच्या खोलीत गादी टाकून राहणाऱ्याला हाच शब्द आहे. गरिबीतून मुलं हा मार्ग धरतात, मला त्यांचं दुःख कळतं. पण तपासणी झाली की दोघांनाही बाहेर काढतात, आणि ज्याने आसरा दिला त्याचीही जागा जाते.

खोलीचा ताबा

सामान आत नेण्याआधी खोलीचे फोटो काढा: कॉट, कपाट, पंखा, खिडकीच्या काचा, भिंतीची ओल. ताबा पत्रकावर जे मोडकं आहे ते लिहूनच सही करा. वर्षअखेरीला अनामतीतून कापाकापी होते ती इथूनच. गादी गावाहून आणू नका. होस्टेलची कॉट अरुंद असते, माप घ्या आणि तिथल्याच बाजारात घ्या. दोन चांगली कुलपं, बादली-मग, मच्छरदाणी, ताट-वाटी, एक्स्टेंशन बोर्ड, कपडे वाळत घालायची दोरी, नेहमीची औषधं. शेगडी, हीटर बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट द्या, पहिल्या महिन्यात मेसच्या भाजीला त्याचा फार आधार होतो. आणि मेसवाल्याला पहिल्याच दिवशी विचारा: खाडे (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करणं) धरता का, किती दिवस आधी सांगावं लागतं? दर शनिवारी घरी येणाऱ्या मुलाचे यात बरेच पैसे वाचतात.

रॅगिंगबद्दल घरी मोकळेपणाने बोला. यूजीसीच्या नियमांत नवीन मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायला सांगितलं आहे. तसं आहे का, रेक्टरला विचारा. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नंबर मुलाच्या फोनमध्ये आणि कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पहिले पंधरा दिवस रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा, आणि ‘जेवलास का’ याच्यापुढे जाऊन विचारा: खोलीत कोण कोण आहे, रात्री झोप लागते का, सिनिअर काय म्हणतात. मूल अचानक तुटक बोलू लागलं तर पुढच्या गाडीने जाऊन या.

खोली एका वर्षासाठीच असते. दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण बहुतेक ठिकाणी निकाल, हजेरी आणि शिस्तीवर होतं, विषय राहिले तर जागा जाऊ शकते. तो अर्ज परीक्षेच्या धामधुमीत, एप्रिल-मेमध्ये निघतो. तारीख मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये टाकून ठेवा, आणि उत्पन्नाचा नवा दाखला एप्रिल उजाडला की काढायला टाका.